वर्गांतील आनंदसंमेलन : त्याची आंखणी व त्यांतील शिक्षण

सहामाही परीक्षा आटोपली, अथवा वर्ष संपत आलें, म्हणजे एखादा तास वर्गांतच आनंदांत घालवावा अशी इच्छा मुलांच्या मनांत येणें अगदीं स्वाभाविक आहे. फळ्यावर रंगीत खडूनें वेलबुट्टी काढावी, बांकें भिंतीशीं सरकवावीं, चार गाणीं म्हणावीं, कांहीं खेळ खेळावे आणि शेवटीं सर्वांनीं मिळून फराळ करावा, एवढेंच बहुधा त्याचें स्वरूप असतें. यालाच प्रस्तुत लेखांत आपण 'आनंदसंमेलन' म्हणूं. अभ्यास थांबला म्हणजे हा कार्यक्रम सुरू होतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु हिशेब, पत्रलेखन, वेळेची वांटणी, स्वच्छता आणि दुसऱ्याच्या मनाची जाणीव, इतक्या विषयांची एकदम परीक्षा घेणारा दुसरा तास शाळेंत क्वचितच सांपडेल. म्हणून त्याची आंखणी कशी करावी, याचा येथें क्रमाक्रमानें विचार करूं.

१. कसोटी कोणती ?

संमेलन चांगलें झालें हें कशावरून ओळखावें ? पताका किती लावल्या, अथवा मिठाई किती महाग होती, यावरून तें ठरत नाहीं. तीन प्रश्न विचारावे. वर्गांतील प्रत्येक मुलाच्या हातून कांहीं तरी काम झालें काय ? प्रत्येक मूल पंगतीस बसून समाधानानें खाऊं शकलें काय ? आणि आपल्या गरिबीची, जातीची, रूपाची किंवा व्यंगाची लाज वाटून एकादें मूल खालीं मान घालून घरीं गेलें नाहीं ना ? या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं तर चुरमुऱ्यांवर झालेलें संमेलनहि उत्तम होय. तीं तशीं न आलीं तर पक्वान्नांनीं तें सुधारत नाहीं.

२. दिवस व विषय

संमेलनास एकादा विषय दिला म्हणजे गाणीं, सजावट व खेळ हीं सर्व एका सूत्रांत येतात. आपल्याकडे अशा विषयांस तोटा नाहीं. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस (१८३१). त्या दिवशीं मुलींनीं व मुलांनीं आपापल्या आजीच्या शिक्षणाची हकीकत विचारून आणून वर्गांत सांगावी. २२ डिसेंबर हा गणिती रामानुजन यांचा जन्मदिवस (१८८७). त्या दिवशीं आंकड्यांचीं कोडीं घालावीं. १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा जन्मदिवस (१८९६). त्यांस अनुसरून 'पांखरांचें संमेलन' भरवावें. प्रत्येकानें आपल्या अंगणांत दिसणाऱ्या एका पक्ष्याचें चित्र काढावें, त्याचा आवाज करून दाखवावा आणि इतरांनीं तो ओळखावा. साळुंकी, बुलबुल, भारद्वाज, कोतवाल, खंड्या हे पक्षी पाहण्यास कोठें दूर जावें लागत नाहीं. पैसाहि लागत नाहीं. लागते ती फक्त आठ दिवस सकाळीं लवकर उठून डोळे उघडे ठेवण्याची तयारी.

आश्विन महिन्यांत भोंडला किंवा हदगा घालण्याची आपली जुनी चाल आहे. पाटावर हत्तीचें चित्र काढून मुली त्याभोंवतीं फेर धरतात, आणि शेवटीं झांकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. 'तिखट कीं गोड ? कुरकुरीत कीं मऊ ?' असे प्रश्न विचारीत उत्तरापर्यंत पोंचणें ही तर्कशक्तीची फार सुंदर कसरत आहे. हा खेळ मुलग्यांनाहि तितकाच आवडतो. तो कोणत्याहि संमेलनांत घेतां येईल.

३. वर्गणीचा प्रश्न

सर्वांत नाजूक भाग हा आहे. 'उद्यां प्रत्येकानें इतके रुपये आणावे' असें सांगणें सोपें असतें. परंतु ज्या घरांत महिनाअखेर दूधवाल्याचेंहि देणें राहिलेलें असतें, त्या घरांतील मूल तो निरोप आईपर्यंत पोंचवीतच नाहीं. संमेलनाच्या दिवशीं त्याचें 'पोट दुखूं' लागतें, आणि हजेरीपटावर एक गैरहजेरी पडते. तिचें कारण कोणी विचारीत नाहीं.

यावर उपाय आहे. वर्गांतील मुलांनीं जुन्या कागदांचीं एकाच आकाराचीं पाकिटें करावीं. तीं सर्वांस वांटावीं. पाकिटावर नांव घालूं नये. ठरलेल्या दिवशीं प्रत्येकानें आपलें पाकीट बंद करून पेटींत टाकावें. कोणाच्या पाकिटांत किती निघालें, अथवा कोणाचें पाकीट रिकामें होतें, हें कोणासच कळत नाहीं. नाणीं खुळखुळून भेद उघडा पडूं नये म्हणून आंत घडी केलेला एक कागद सर्वांनींच घालावा, व त्यावर संमेलनासाठीं एक सूचना लिहावी. मग पैसे नसलेल्यानेंहि कांहीं दिलेंच, असें होतें.

जमलेली रक्कम मोजल्यावरच फराळाचा बेत ठरवावा. आधीं बेत ठरवून मागाहून पैसे गोळा करूं लागलें कीं वर्गणीची सक्ति आपोआप येते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. तसेंच त्या दिवशीं सर्वांनीं शाळेचाच गणवेष घालावा हें बरें. 'रंगीत कपडे घालून या' ही सूचना कित्येकांस आनंदाची वाटली, तरी ज्याच्याजवळ दुसरा चांगला सदरा नाहीं त्याला ती जड जाते.

४. कामाची वांटणी

चाळीस मुलांचा वर्ग धरून चालूं. आठ आठ मुलांचे पांच गट पाडावे : फराळ, खेळ, सजावट, कार्यक्रम, आणि हिशेब व स्वच्छता. गट चिठ्ठ्या टाकून पाडावे. म्हणजे नेहमींचे मित्र एकत्र जमून बाकीचे एकटे पडत नाहींत. मुलींकडे फराळ व मुलग्यांकडे खेळ अशी वांटणी मुळींच करूं नये. चिठ्ठींत जें निघेल तें प्रत्येकानें आनंदानें करावें. लिंबें पिळण्याची कला मुलग्यांसहि आली पाहिजे आणि खेळाचा पंच होण्याची मुलींसहि.

तयारीस तीन आठवडे पुरेत. पहिल्या आठवड्यांत विषय, गट व पाकिटें. दुसऱ्यांत बेत, सामानाची यादी व पालकांस पत्र. तिसऱ्यांत सजावट व तालीम. पालकांस लिहावयाचें पत्र मुलांनींच तयार करावें. त्यांत दिवस, वेळ, बेत, आणि 'आपल्या पाल्यास कोणता पदार्थ सोसत नाहीं तें कळवावें' ही विनंति अवश्य असावी.

संमेलनाचा वेळ दीड तासाहून अधिक नसावा. स्वागतास १० मिनिटें, खेळांस ३०, गाणीं व नकला यांस २०, फराळास २० आणि आंवराआंवरीस १०, असे ९० मिनिटांचे भाग पाडून ते फळ्याच्या एका कोपऱ्यांत लिहून ठेवावे.

५. फराळ

फराळाचा हिशेब हा त्रैराशिकाचा उत्तम धडा आहे. प्रत्येकास २०० मिलिलिटर सरबत द्यावयाचें तर चाळीसजणांस ८ लिटर लागेल. मध्यम आकाराच्या एका लिंबांत दोन पेले होतात असें धरलें तर लिंबें वीस. आणि पेल्यास २० ग्रॅम साखर धरली तर ८०० ग्रॅम. भेळीसाठीं माणशीं ३० ग्रॅम चुरमुरे घेतले तर सव्वा किलो पुरतात. भेळ एकदम कालवूं नये. दहा दहाजणांपुरती कालवून लगेच वाढावी. नाहीं तर शेवटच्या रांगेस मऊ पडलेला लगदा मिळतो.

कच्च्या पदार्थांस हात लावण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. सरबताचें पाणी उकळून निववलेलें किंवा शुद्ध केलेलें असावें. शिजविलेलें अन्न उघड्या हवेंत दोन तासांहून अधिक वेळ ठेवूं नये, कारण उष्ण हवेंत त्यांत जंतु फार झपाट्यानें वाढतात. शेंगदाणे, दूध, अंडें यांपैकीं एकादा पदार्थ कांहीं मुलांस मुळींच सोसत नाहीं. शेंगदाण्याची ॲलर्जी तर क्वचित् प्राणावरहि बेतते. म्हणून पालकांचीं उत्तरें वाचल्यावांचून बेत पक्का करूं नये. अतिशय तेलकट, खारट व गोड पदार्थ शाळेंत व शाळेच्या आवारापासून ५० मीटरांच्या आंत विकण्यास २०२० सालच्या केंद्रीय नियमांनीं मनाई केली आहे. नियम विक्रीचा असला तरी त्यांतील आरोग्याचा बोध आपल्या संमेलनासहि लागू आहे.

फराळाचा सर्वांत सुंदर प्रकार म्हणजे काला. पोहे, लाह्या, चुरमुरे, दही, काकडी, डाळिंबाचे दाणे, ज्याच्या घरीं जें असेल तें मूठभर आणावें, आणि एकाच मोठ्या पातेल्यांत कालवावें. एकदां कालविल्यावर मूठ कोणाची व किती मोठी होती, हें पातेलें सांगत नाहीं. गवळ्यांच्या पोरांनीं आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, ही गोपाळकाल्याची परंपरागत कथा याच अर्थानें आपल्या लोकांत इतकी प्रिय झाली आहे.

एका पंगतीस बसणें ही गोष्ट आज आपणांस सहज वाटते. पण ती महाराष्ट्रांत सहजासहजीं मिळालेली नाहीं. १९२७ सालीं महाड येथें चवदार तळ्याचें पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. साताऱ्यास १९२४ सालीं भाऊराव पाटील यांनीं सर्व जातींच्या मुलांसाठीं एक वसतिगृह काढलें. तेथें मुलें एकत्र राहत, हातानें कामें करीत आणि एकाच पंगतीस बसून जेवत. त्या काळीं अशी पंगत पुष्कळांच्या डोळ्यांत खुपे. म्हणून संमेलनाच्या दिवशीं पंगत मांडतांना कोण कोणाशेजारीं बसतो याकडे लक्ष असूं द्यावें. हजेरीपटाच्या क्रमानें बसावें, अथवा चिठ्ठ्या टाकाव्या. 'मी याच्याजवळ बसणार नाहीं' हें वाक्य आपल्या वर्गांत उच्चारलें जाऊं नये, एवढी काळजी वर्गप्रमुखानें घेतली तरी त्यानें मोठें काम केलें.

६. खेळ

पुष्कळ खेळांत जो हरतो तो बाहेर बसतो. संगीत खुर्चीच्या खेळांत सर्वांत मंद मूल पहिल्याच फेरींत बाहेर पडतें व उरलेला वेळ नुसतें पाहत राहतें. हाच खेळ थोडा फिरवावा. प्रत्येक फेरीस एक खुर्ची कमी करावी, परंतु मूल एकहि कमी करूं नये. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनीं एकमेकांस सांवरून घेऊन बसावयाचें. शेवटीं आठजणांना दोन खुर्च्यांवर सामावून घेतांना जो हंशा पिकतो, तो पहिल्या प्रकारांत कधींच पिकत नाहीं. मात्र खुर्च्या मजबूत असाव्या.

दुसरा खेळ स्मरणाचा. एका ताटांत वीस वस्तु मांडून एक मिनिट दाखवाव्या, मग रुमालानें झांकून आठवतील तितक्या लिहावयास सांगाव्या. रडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ सालच्या 'किम' या कादंबरींत याचें मूळ आहे, आणि पुढें बालवीर चळवळींत तो सर्वत्र पसरला. ताटांत अडकित्ता, सुपारी, जायफळ, रिठा, गुंज, कवडी अशा वस्तु ठेवल्या, तर त्यांचीं नांवें व उपयोगहि मुलांस कळतात. भेंड्या, कानगोष्टी आणि कोडीं यांस तर कोणतेंच साहित्य लागत नाहीं. जो धांवूं शकत नाहीं त्यास पंच करून बाजूला बसवूं नये; तो ज्यांत पूर्णपणें खेळूं शकेल असा निदान एक खेळ मुद्दाम निवडावा.

७. सजावट

बाजारांतून चकचकीत वस्तु आणून भिंती झांकणें यांत कल्पकता नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें, व पुढें कोसबाड येथें, बालशिक्षणाचें कार्य केलें. त्यांनीं शिंपले, बिया, पानें, खडे अशा परिसरांतल्या वस्तूंचींच शिक्षणसाधनें केलीं. तोच धडा सजावटीस घ्यावा. आंब्याच्या डहाळ्यांचें तोरण, झेंडूच्या माळा, जुन्या वहीच्या कागदाचीं पांखरें, दारांत रांगोळी, एवढ्यानें वर्ग शोभिवंत दिसतो. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं थर्माकोलच्या व एकदां वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या ताट-पेल्यांस बंदी घातली आहे. पळसाच्या पत्रावळी, द्रोण, अथवा घरून आणलेली वाटी व पेला हींच उत्तम.

८. आंवराआंवर व हिशेब

संमेलन शेवटच्या घासाबरोबर संपत नाहीं. वर्ग होता तसा करून, ओला व सुका कचरा वेगळा काढून, बांकें जागेवर लावल्यावर तें संपतें. हें काम शिपायासाठीं ठेवूं नये, आणि नेहमींच्या चार आज्ञाधारक मुलांवरहि टाकूं नये. चाळीसजणांनीं दहा मिनिटें काम केलें कीं वर्ग आरशासारखा होतो. दुसऱ्या दिवशीं हिशेब गटानें जमाखर्च फळ्यावर लिहावा, आणि शिल्लक राहिल्यास तिचें काय करावें हें वर्गानें बहुमतानें ठरवावें.

पालकांस विनंति

पालकांनीं संमेलनासाठीं महागडा केक किंवा भेटवस्तु पाठवूं नये. आपल्या मुलाचा मान त्यानें वाढत नाहीं. शेजारच्या मुलाचा मात्र कमी होतो. त्याऐवजीं आदल्या दिवशीं मुलाबरोबर बसून लिंबें निवडावीं, यादी तपासावी, एकादें जुनें कोडें शिकवावें. ज्या पालकांस घरच्या अडचणीमुळें कांहींच देतां येत नसेल त्यांनींहि मूल अवश्य पाठवावें.

विद्यार्थिमित्रांनो, पुढें मोठेपणीं तुम्हांस लग्नकार्यें, सभा, गांवचे उत्सव हीं पार पाडावयाचीं आहेत. तेथेंहि हेच प्रश्न उभे राहतील : पैसा कोणीं व किती द्यावा, काम कोणीं करावें, पंगतीस कोण बसावें, आणि मागाहून झाडू कोणीं हातीं घ्यावा. या प्रश्नांचीं न्याय्य उत्तरें देण्याची संवय चाळीसजणांच्या लहानशा वर्गांत लागली, तर ती जन्मभर पुरते.