दाईची मजुरी

शास्त्रपाठ : निर्गम 2:9, अनुवाद 24:14-15, उत्पत्ती 35:8

फारोच्या कन्येने मोशेला दूध पाजण्याचे काम सोपवितानाच वेतनाचे वचन दिले. तेथील ‘साखार’ हा इब्री शब्दच अनुवादात मजुराच्या मजुरीसाठी येतो. ती सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी आज्ञा आहे. म्हणजे मूल सांभाळणे ममतेचे असले, तरी ते हक्काच्या मजुरीचे काम होय.

रिबकेच्या मृत्यूची हकिकत उत्पत्तीत नाही. तिची दाई दबोरा हिच्या मृत्यूची मात्र आहे. बेथेलजवळ ज्या वृक्षाखाली तिला पुरले, त्यास रुदनाचा वृक्ष असे नाव पडले.

प्रियजनहो, आयाबाई ‘घरच्याच’ आहेत असे म्हणत आपण त्यांचे कामाचे तास मोजीत नाही, पगारही लांबवितो. रविवारी आपण उपासनेस जातो, तेव्हा त्यांना सुट्टी असते काय? घरच्या म्हणण्याआधी त्यांची मजुरी चुकती करू या.