ठिसूळ एरोजेल हाताळताना

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीच्या पट्ट्यात धान हेच मुख्य पीक. एक क्विंटल धान भरडलं की साधारण २० किलो कोंडा निघतो. तो बॉयलरमध्ये जाळला की चारेक किलो राखड उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिकाच असते. या सिलिकेपासून एरोजेल हा जगातल्या सर्वांत प्रभावी उष्णतारोधकांपैकी एक पदार्थ बनवता येतो, हे मलेशियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमधल्या वाफेच्या पाइपांना असंच वेष्टण हवं असतं. कच्चा माल इथला आणि गरजही इथलीच. अडचण एवढीच की शुद्ध सिलिका एरोजेल चिमटीत दाबलं तरी त्याचा चुरा होतो.

या ठिसूळपणाची किंमत मी एका राईस मिलमध्ये जवळून पाहिली. तिथे पाइपांवर एरोजेलचं तयार ब्लँकेट बसवायचं होतं. कारागीर मुरलेले होते, पण त्यांचा हात काचलोकरीवर बसलेला. सवयीप्रमाणे त्यांनी बारीक तार करकचून आवळली. तार रुतली तिथे जाडी निम्म्यावर आली आणि आतून पांढरी भुकटी गळू लागली. वरचा पत्रा ‘नंतर बसवू’ म्हणून राहून गेला, कुणीतरी पाइपाला शिडी टेकवली. वाफ सोडल्यावर नेमक्या त्याच जागा हाताला चटका देत होत्या. माल उत्तम होता, तो वाया गेला फक्त बसवण्याच्या पद्धतीमुळे.

ठिसूळपणा येतो कुठून? सॅम्युअल किस्लर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये जेलमधला द्रव काढून घेऊन त्याचा सांगाडा तसाच उभा ठेवला. तेच पहिलं एरोजेल. या सांगाड्यात नव्वद टक्क्यांहून अधिक हवा असते आणि ती इतक्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेली असते की तिच्यातून उष्णता वाहणं कठीण होतं. पण सिलिकेचे कण एकमेकांना मोत्यांच्या सरासारखे जेमतेम टेकलेले असतात. भार आला की हे नाजूक जोडच आधी तुटतात.

यावरचा एक सुंदर उपाय महाराष्ट्रातच सापडला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. ए. वेंकटेश्वर राव, शरद भगत आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लवचीक सिलिका एरोजेल प्रसिद्ध केलं. नेहमीच्या टीईओएस या रसायनाच्या रेणूला जोडणीसाठी चार हात असतात. त्यांनी निवडलेल्या एमटीएमएसला तीनच हात, चौथ्या जागी मिथाइल गट. त्यामुळे जाळं कमी ताठर बनतं, वाकवलं तर वाकतं, शिवाय पाण्यालाही थारा देत नाही. दणकटपणासाठी पदार्थ अधिक कडक करायचा, या समजुतीला या कामाने छेद दिला. मला ते फार मोलाचं वाटतं.

अमेरिकेतल्या निकोलस लेव्हेंटिस यांच्या गटाने २००२ मध्ये दुसरी वाट धरली. त्यांनी कणांच्या जोडांवर पॉलिमरचा थर चढवला. तुकडा मोडायला शंभरपटीहून जास्त भार लागू लागला, पण घनता तिपटीच्या आसपास गेली. शिवाय पॉलिमर म्हटलं की जास्त तापमानाला मर्यादा आलीच. बाजारातल्या ब्लँकेटमध्ये तिसरा मार्ग असतो. तंतूंच्या गादीत जेल मुरवून दोन्ही एकत्र वाळवतात. तंतू भार पेलतात, त्यामुळे ब्लँकेट गुंडाळता येतं. आतलं एरोजेल मात्र ठिसूळच राहतं.

घरच्या राखडीपासून एरोजेल करून पाहावं असं एखाद्या हौशी तरुणाला वाटेल. राखड कॉस्टिक सोड्यात विरघळवून जेल करणं हा प्रयोगशाळेत, देखरेखीखाली करण्याजोगा प्रयोग आहे. मिथेनॉल दाबाखाली तापवून ते जेल वाळवण्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. स्वीडनमधल्या श्योबो इथे १९८४ मध्ये एरोजेलच्या कारखान्यात मिथेनॉल गळून स्फोट झाला होता, आणि तिथली माणसं तर या कामातली जाणकार होती. फार उच्च तापमानाला जळलेल्या राखडीत सिलिका स्फटिकरूप होते. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून कोरडी राखड उपसताना चांगला मास्क हवाच.

ब्लँकेट बसवणाऱ्यांसाठी थोडं तपशिलात. कापायला धारदार सुरी घ्यावी, करवतीने धूळ उडते. हातमोजे, चष्मा, मास्क घालावा. ही भुकटी त्वचेतलं तेल शोषून हात कोरडे पाडते. तारेऐवजी रुंद स्टीलच्या पट्ट्या वापराव्यात आणि जाडी दबणार नाही इतक्याच आवळाव्यात. दोन थर असतील तर त्यांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. अॅल्युमिनियमचा पत्रा त्याच दिवशी चढवावा. तापमान साधारण तीनशे अंशांपुढे गेलं की मिथाइल गट जळू लागतात आणि पाणी झटकण्याचा गुण कमी होतो. म्हणून जास्त गरम पाइपांवर पावसापासून संरक्षण पत्र्यानेच करायचं असतं. पत्र्याचा सांधा वर न ठेवता बाजूला, खालच्या अंगाला घ्यावा, आणि मृग लागण्याआधी व्हॉल्व्हजवळच्या कडा एकदा उघडून ओल शिरली आहे का ते पाहून घ्यावं.