विमानाचे निर्जंतुकीकरण : उपयोग आणि मर्यादा

बऱ्हाणपूरचा व्यापारी पूर्वी मुंबईस निघाला की आगगाडीखेरीज दुसरा विचार त्याच्या मनात येत नसे. आज तसे राहिले नाही. आपल्या सभासदांची मुले पुण्यास, बंगळुरूस, कित्येकांची तर परदेशीही उद्योगानिमित्त राहतात, आणि इंदूर किंवा मुंबईचा विमानतळ घरातील वडीलधाऱ्यांसही परिचयाचा झाला आहे. अशा स्थितीत विमानातील स्वच्छता हा केवळ विमान कंपन्यांचा विषय राहत नाही. तो आपल्या घरचाही होतो. २०२० च्या महासाथीनंतर ‘विमान निर्जंतुक केले आहे’ ही घोषणा पुष्कळांच्या कानी पडली. तिचा अर्थ काय व तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराष्ट्रातील पहिले करोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यास आढळले. ते दुबईहून परतलेले प्रवासी होते. रोग विमानाने आला, हे त्याच दिवशी स्पष्ट झाले. मार्चअखेर देशांतर्गत विमाने बंद झाली व २५ मे २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. सुरू करताना सरकारने नियम घातले : प्रत्येक फेरीनंतर विमान निर्जंतुक करावे, चोवीस तासांत एकदा विशेष सफाई व्हावी, आसनाचे पट्टे व जेथे जेथे हात लागतो त्या जागा कटाक्षाने पुसाव्यात, प्रवासात भोजन देऊ नये.

हे काम दिसते तितके सोपे नाही. पहिली गोष्ट अशी की, निर्जंतुकीकरणापूर्वी सफाई झालीच पाहिजे. मळ, तेलकटपणा व अन्नाचे कण तसेच राहिले तर औषध त्यांतच खर्ची पडते व जंतूपर्यंत पोहोचत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. औषध लावून लगेच पुसून टाकले तर त्याचा गुण येत नाही. पृष्ठभाग ठराविक मिनिटे ओला राहावा लागतो. तिसरी गोष्ट औषधाच्या निवडीची. घरातील फरशीस चालणारे ब्लीचिंगचे पाणी विमानास चालत नाही, कारण त्याने ॲल्युमिनियम गंजते. मद्यार्काने कठीण पृष्ठभाग पुसता येतात. परंतु तो ज्वालाग्राही असल्याने बंदिस्त जागेत त्याचे फवारे मारणे धोक्याचे असते. जंतुनाशक अतिनील किरणांचे दिवेही काही ठिकाणी वापरण्यात आले. मात्र किरण जेथे पडतो तेथेच काम करतो. आसनाच्या सांदीत, सावलीत तो निरुपयोगी ठरतो.

वेळेचे महत्त्व आम्हां धान्य व्यापाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. वखारीतील थप्पीस सोंडे लागले तर तिच्यावर वायुरोधक ताडपत्री घालून आपण औषधाच्या गोळ्या लावतो व पाच ते सात दिवस कोणी तिकडे फिरकत नाही. विमान दोन फेऱ्यांच्या मध्ये बहुधा अर्धाएक तासच उभे राहते. त्यातच उतारू उतरायचे, सामान काढायचे, इंधन भरायचे व सफाईही करायची! शिवाय वखारीचा दुसरा धडा येथेही लागू आहे. थप्पी स्वच्छ झाली, तरी दुसऱ्याच दिवशी किडके बारदान आत आले तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. विमान निर्जंतुक असते ते पहिला प्रवासी आत येईपर्यंत.

रोगाची वाट न ओळखता केवळ धुण्यापुसण्यावर भिस्त ठेवली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच व्यवसायाच्या इतिहासात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. सरकारने घरे कार्बोलिक आम्लाने धुतली, भिंतींस चुना लावला, गटारांत औषधे ओतली. तरी प्लेग हटला नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने दाखविले की, हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांवाटे पसरतो. भिंत धुतली जात होती आणि उंदीर पोत्यांमागे सुखाने नांदत होता. धुणे वाईट नव्हते; ते अपुरे होते.

करोनाच्या बाबतीत हीच उजळणी झाली. लंडनहून हनोईस १ मार्च २०२० रोजी निघालेल्या एका विमानात प्रवासी व कर्मचारी मिळून २१७ माणसे होती. त्यांतील खोकला असलेल्या एका प्रवाशापासून आणखी १५ जणांस लागण झाली, असा निष्कर्ष पुढे तपासाअंती निघाला. त्यांतील बहुतेक त्याच वर्गात, त्याच्या जवळपास बसलेले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की, दूषित वस्तूस एकदा हात लागल्याने हा रोग होण्याचा संभव साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. मुख्य वाट श्वासाची होती.

म्हणून विमानाच्या हवेकडे लक्ष दिले पाहिजे. आधुनिक मोठ्या विमानात हवा वरून येते व पायांजवळून बाहेर खेचली जाते. तिचा सुमारे अर्धा भाग बाहेरची ताजी हवा असतो. उरलेली ‘हेपा’ नावाच्या गाळणीतून फिरून येते. ही गाळणी अतिसूक्ष्म कणांपैकी ९९.९७ टक्के अडविते, आणि तासाला वीस ते तीस वेळा हवा बदलली जाते. साचल्या पाण्यापेक्षा वाहते पाणी बरे, हे कुंडी भंडाऱ्याच्या गावास कोणी शिकवावयास नको. हवेचेही तसेच आहे. तथापि ही गाळणी शेजाऱ्याची खोक आपल्या नाकापर्यंत येण्यापूर्वी अडवू शकत नाही. मधले आसन रिकामे ठेवावे की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणाने. तज्ज्ञ समितीचा अभिप्राय पाहून न्यायालयाने १५ जून २०२० रोजी ते आसन भरण्यास अनुमती दिली. त्यावर बसणाऱ्यास अंगभर झगा देण्याची अट सरकारने आधीच घातली होती.

विमानातील मुखपट्टीची सक्ती १६ नोव्हेंबर २०२२ पासून उठली आणि जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. सक्ती संपली तरी शहाणपण संपण्याचे कारण नाही. ताप-खोकला असेल तर प्रवास पुढे ढकलावा; सौदा चार दिवसांनी होईल. जाणे अटळच असेल तर मुखपट्टी बांधावी. डोक्यावरील हवेचे छिद्र बंद न करता उघडे ठेवावे. खाण्यापूर्वी हात धुवावेत व समोरचा पाट पुसून घ्यावा. विमान जमिनीवर उभे असताना हवा खेळती नसल्याचे जाणवले तर कर्मचाऱ्यांस निःसंकोच विचारावे. आणि अर्ध्या तासात शेकडो आसने पुसणाऱ्या सफाई कामगारांविषयी कृतज्ञता बाळगून आपला कचरा आपणच पिशवीत घालावा.

निर्जंतुकीकरण हे सुरक्षिततेचे एक अंग आहे. खेळती हवा हे दुसरे. तिसरे अंग म्हणजे प्रवाशाचा स्वतःचा विवेक. पहिली दोन विमान कंपनीने सांभाळावयाची आहेत. तिसरे आपल्या हाती आहे, आणि त्यास एक पैचाही खर्च नाही.