परत आलेली मुलगी



१४ एप्रिल २०१४ च्या रात्री नायजेरियातील चिबोक येथील शाळेतून बोको हरामने २७६ मुली पळवून नेल्या. त्यावर आधारलेली एडना ओब्रायन यांची 'गर्ल' (२०१९) ही कादंबरी मी वाचली. नायिका मरियम बाळाला घेऊन निसटते. पण घरचेच तिच्याकडे संशयाने पाहतात.

नामानाच्या घरची दासी मी संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवली (२ राजे ५). तिच्या विश्वासाचे कौतुक केले. तिला पळवून आणले होते, हे मात्र एका वाक्यात उरकले. ती घरी परतली असती तर?

मननासाठी प्रश्न: अशी मुलगी बाळासह आपल्या मंडळीत आली, तर तिच्या शेजारी कोण बसेल? मी आधी स्वतःलाच विचारले.