जंतूंना होणारा रोग : जिवाणूभक्षी विषाणू व डाळिंबावरील तेल्या

सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत, तसेच सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, या कमी पावसाच्या तालुक्यांत डाळिंबाने अनेक कुटुंबांना हात दिला. त्याच डाळिंबाच्या कित्येक बागा तेल्या रोगामुळे मुळासकट काढाव्या लागल्या. पानांवरील तेलकट ठिपके, फांद्यांवरील काळे चट्टे आणि डाग पडून तडकलेली फळे यांची ओळख बागाइतदारांस करून देण्याची आवश्यकता नाही. मात्र या रोगाच्या कारणाविषयी बराच गोंधळ आढळतो. बागेत काहीही बिघडले की 'व्हायरस आला' असे सरसकट म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तेल्या हा विषाणूजन्य रोग नव्हे. तो झँथोमोनास या जातीच्या जिवाणूमुळे होतो, व त्याची आपल्या देशातील पहिली नोंद १९५२ साली दिल्ली येथे झाली.

जिवाणू व विषाणू यांत मोठे अंतर आहे. जिवाणू हा एका पेशीचा का होईना, पण पूर्ण संसार असलेला जीव आहे. तो अन्न घेतो, वाढतो आणि एकाचे दोन होतो. विषाणूस यांपैकी काहीच स्वतःच्या बळावर साधत नाही. जिवंत पेशीत शिरल्याखेरीज त्याची वाढ होत नाही. काही विषाणू वनस्पतींच्या पेशीत वाढतात, काही जनावरांच्या, आणि काही खुद्द जिवाणूंच्या. या शेवटच्या प्रकारास जिवाणूभक्षी विषाणू किंवा 'फाज' म्हणतात.

त्यांची पहिली चाहूल आपल्याच देशात लागली. आग्रा येथे काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांना १८९६ साली असे आढळले की, गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात. परंतु तेच पाणी उकळले असता त्याचा हा गुण नाहीसा होतो. पुढे १९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनी व १९१७ साली पॅरिसमध्ये देरेल यांनी जंतूंचा नाश करणाऱ्या या अदृश्य कारकाचे वर्णन केले.

हा विषाणू जिवाणूत शिरतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. आतड्यातील एका जिवाणूवर वाढणाऱ्या, सर्वांत अधिक अभ्यासलेल्या फाजची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतकी असते. त्यास डोके, पोकळ शेपूट व शेपटाच्या टोकास बारीक तंतू असतात. हे तंतू जिवाणूच्या पृष्ठभागावरील ठराविक खुणेसच चिकटतात. ती खूण नसेल तर विषाणू तेथे थांबत नाही. एकदा चिकटल्यावर शेपूट आकसते व डोक्यातील बीजद्रव्य सुईने टोचावे तसे आत सोडले जाते. रिकामे कवच बाहेरच राहते.

आत जाते ते बीजद्रव्यच, हे १९५२ साली हर्शी व चेस यांनी मोठ्या युक्तीने दाखविले. आपण पिकास देतो ती स्फुरद व गंधक ही दोन मूलद्रव्ये येथे उपयोगी पडली. विषाणूच्या बीजद्रव्यात स्फुरद असते, गंधक नसते. कवचाच्या प्रथिनात गंधक असते. त्यांनी काही विषाणूंत किरणोत्सारी स्फुरद व काहींत किरणोत्सारी गंधक भरले, त्यांचा जिवाणूंशी संयोग घडविला आणि मग स्वयंपाकघरातील मिक्सरसारख्या यंत्रात ते मिश्रण घुसळून बाहेरची कवचे सुटी केली. स्फुरद बहुतांशी जिवाणूच्या आत सापडले. गंधक बहुतांशी बाहेर राहिले.

बीजद्रव्य आत पोचताच जिवाणूचा कारखाना परक्याच्या हुकमतीखाली जातो. जिवाणूचे स्वतःचे काम थांबते, त्याच्याच साहित्यातून नवी डोकी व शेपटे तयार होतात व जुळविली जातात. अनुकूल उष्णतामानात अर्ध्या तासाच्या आत जिवाणू फुटतो व शंभराहून अधिक नवे विषाणू बाहेर पडतात. तेवढ्या वेळात निरोगी जिवाणू फार तर एकाचे दोन होतो. काही फाज मात्र असे उतावीळ नसतात. ते आपले बीजद्रव्य जिवाणूच्या बीजद्रव्यात मिसळून पिढ्यानुपिढ्या स्वस्थ बसतात. रोगनिवारणास असले फाज उपयोगाचे नाहीत.

हाच प्रकार उपयुक्त जिवाणूंच्या बाबतीतही घडतो. मोठ्या दुग्धालयात एकाच जातीचे विरजण सतत वापरल्यास फाज माजतात व दूध आंबत नाही. म्हणून तेथे विरजण आलटून पालटून वापरतात. घरच्या विरजणात अनेक जातींचे जिवाणू मिसळलेले असल्याने गृहिणीस ही अडचण सहसा येत नाही.

तर मग तेल्यावर फाज का फवारू नये? अमेरिकेत टोमॅटोवरील झँथोमोनाससाठी फाजयुक्त औषधास २००५ साली मान्यता मिळाली, तेव्हा कल्पना निराधार नाही. परंतु अडचणी खऱ्या आहेत. उन्हातील अतिनील किरणांनी फाज लवकर निकामी होतात, म्हणून फवारणी सायंकाळी करावी लागते. फांदीच्या चट्ट्यात खोल दडलेल्या जिवाणूपर्यंत ते पोचत नाहीत. ताम्रयुक्त औषधे त्यांना मारक ठरतात, म्हणून बोर्डो मिश्रणाबरोबर ते एकत्र करता येत नाहीत. शिवाय पृष्ठभागावरील खूण बदललेले काही जिवाणू वाचतात व तेच पुढे वाढतात. यासाठी निरनिराळ्या फाजांचे मिश्रण घ्यावे लागते.

यास्तव 'सर्व रोगांवर गुणकारी' म्हणून फाजची बाटली कोणी दाखविल्यास कार्यकर्त्यांनी प्रथम विचारावे की, हे फाज कोणत्या जिवाणूवर वाढविले आहेत. डाळिंबावरील तेल्याच्या जिवाणूचे नाव उत्तरात नसेल तर ती बाटली बागेत नेऊ नये. विषाणूजन्य रोगावर तर तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण तेथे फाजला वाढण्यास जिवाणूच नसतो.

तोवर रोगट फांद्या चट्ट्याच्या खाली निरोगी भागापर्यंत छाटाव्या, छाटलेला पाला व फळे गोळा करून बागेबाहेर जाळावी, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक द्रावणात बुडवावी, आणि छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर) फवारावे. रोगट बागेतील गुटी कलमे, ती फुकट मिळाली तरी, आणू नयेत.