वरच्या खोलीत सर्व्हर मांडणाऱ्या भाच्याला

नेहरूनगरच्या घरात वरच्या खोलीत दोन जुने सर्व्हर आणून ठेवलेस, त्यांवर प्रॉक्समॉक्स चढवून सुपेल्याच्या दुकानदारांची बिलिंगची व्हर्च्युअल मशिनं चालवणार आहेस, असं ताई सांगत होती. प्रोसेसर आणि रॅम पारखून घेतलीस म्हणे, डिस्कचं मात्र ‘बघू नंतर’. अरे, नंतर बघायच्या डिस्क रात्री दोनला बघाव्या लागतात. तेव्हा चहा संपेपर्यंत एवढं ऐक.

१. खरेदीआधी मशिनांची यादी कर आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिही: हे चार तास बंद पडलं तर फोन कुणाचा येईल आणि याचा एक दिवसाचा डेटा गेला तर रडणार कोण — स्टोरेज या उत्तरांवर ठरतं, वेगाचे आकडे मागाहून.

२. फिरत्या हार्ड डिस्कवर बॅकअप ठेव, मशिनं ठेवू नकोस — ७२०० फेऱ्यांची डिस्क विखुरलेली कामं सेकंदाला शंभर-दीडशेच्या आसपासच उरकते, आणि दहा विंडोज एकदम अपडेटला बसल्या की तेवढ्यातच सगळ्यांना भागवावं लागतं.

३. एसएसडीच्या खोक्यावरचा वाचनाचा वेग बघून हरखू नकोस; ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ आहे का आणि किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे, ते दुकानदाराला विचार — डेटाबेस प्रत्येक नोंदीला ‘खरंच लिहिलंस ना?’ म्हणून अडून बसतो, तिथे लॅपटॉपची एसएसडी दमते. सर्व्हरच्या एसएसडीत वीज गेल्यावरही हातातलं लिहून संपवण्याइतका कपॅसिटर असतो, म्हणून ती लगेच हो म्हणू शकते.

४. एलव्हीएम-थिन सोपं आहे, स्नॅपशॉटही देतं, पण शंभर जीबी असताना दोनशे जीबी वाटू देतं. ऐंशी टक्के भरलं की तुझ्या फोनवर सूचना येईल अशी सोय कर — हा सामायिक जागेचा पूल काठोकाठ भरला की त्यावरच्या सगळ्या मशिनांचं लिहिणं एकदम अडतं आणि फाइल सिस्टिम बिघडतात. उधारीची जागा, भरल्या दिवशी जाग.

५. प्रत्येक व्हर्च्युअल डिस्कवर ‘डिस्कार्ड’ चालू कर — नाहीतर दुकानदार आत फाइली पुसत राहतो आणि तुझ्या पुलाला त्याचा पत्ताही लागत नाही.

६. एकेका सर्व्हरचा प्रश्न असेल तर माझं मत झेडएफएसला — ते प्रत्येक ब्लॉकचा चेकसम जपतं, आणि आरशातल्या दोन डिस्कपैकी एकीने चुकीचं वाचून दाखवलं तर दुसरीवरून स्वतःच दुरुस्त करतं. मात्र त्याच्याखाली रेड कार्ड ठेवू नकोस, डिस्क थेट त्याच्या हाती दे. आणि कॅशला रॅम किती द्यायची तेही बांधून ठेव, जुन्या आवृत्त्या निम्मी रॅम हक्काने घेत.

७. मशिनांसाठी मिरर घे. जागेच्या लोभाने सगळ्या डिस्क एकाच रेडझेडमध्ये गुंफू नकोस — तिथे विखुरलेल्या कामाला अख्ख्या गटाचा वेग साधारण एका डिस्कइतकाच मिळतो.

८. ‘सेफ’ या अनेक सर्व्हरांवर पसरणाऱ्या स्टोरेजचे व्हिडिओ बघून मोहात पडू नकोस — त्याला निदान तीन सर्व्हर आणि दहा गिगाबिटचं वेगळं नेटवर्क लागतं, तुझ्याकडे आहेत दोन सर्व्हर आणि ताईचा राउटर. एनएफएसवर सगळं ठेवलंस तर चालू मशीन इकडून तिकडे झटकन जाईल खरं, पण तो एनएफएसचा डबा बसला की दोन्ही सर्व्हर बसले.

९. तुझ्या दोघांसाठी झेडएफएसचं रेप्लिकेशन पुरे. प्रॉक्समॉक्समध्ये वेगळी वेळ न सांगितल्यास ते दर पंधरा मिनिटांनी चालतं — म्हणजे पहिला सर्व्हर मेला तर फार तर तेवढ्याच वेळच्या नोंदी जातील, आणि ते दुकानदाराला आधीच सांगून ठेवायचं. मतदानाला तिसरा छोटा डबाही जोड, कारण दोघांतला एक गेला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही आणि तो मशिनं सुरू करायला नकार देतो.

१०. यूपीएसची तार सर्व्हरला जोड आणि बॅटरी उतरली की मशिनं आपोआप नीट बंद होतील असं कर — आपल्या भिलाईने १९५९ साली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटवली तेव्हापासून भट्टी अशी मध्येच विझवून चालत नाही हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे, आणि चालू डेटाबेसचंही तेच.

११. बॅकअपची एसएसडी कपाटात टाकून उन्हाळा काढू नकोस — जेडेकच्या प्रमाणाप्रमाणे, लिहिण्याचं आयुष्य संपलेल्या सर्व्हरच्या एसएसडीने विजेविना ४० अंशांत तीन महिने डेटा धरला तरी ती पास. आपल्याकडचा मे महिना आणि वरचा पत्रा तू जाणतोसच. ठेवायची प्रत हार्ड डिस्कवर, आणि एक कुलूपबंद करून नागपूरला मावशीकडे.

१२. स्नॅपशॉटला बॅकअप म्हणू नकोस. अपडेटआधी घे, काम झालं की पूस — तो त्याच डिस्कवर राहतो, डिस्क गेली की तोही गेला, आणि नुसता पडून राहिला तरी जागा खातो. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादं मशीन उभं करून त्याचं बिल छापून बघ. न उघडलेला बॅकअप, न चाखलेलं लोणचं.

१३. मिररच्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नकोस — एका घाण्यातल्या डिस्क बऱ्याचदा पाठोपाठच थकतात.

१४. प्रत्येक ट्रेवर डिस्कचा सीरियल नंबर चिकटव — आजारी डिस्क आत राहून धडधाकट हातात आली की मिररचा काही उपयोग उरत नाही. नंबर ताईकडून लिहून घे, तुझं अक्षर तुलाच लागत नाही.