बालपणीचे अनुबंध आणि प्रौढपणीची नाती

मानसशास्त्रातील ‘अनुबंध’ म्हणजे धम्मात सांगितलेली आसक्ती नव्हे. भय वाटताच मूल ज्या माणसाकडे धाव घेते, त्याच्याशी जडलेला विश्वासाचा बंध म्हणजे अनुबंध. हा विचार ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात व पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता-अर्भकांचे निरीक्षण करून त्यास पुराव्याचा आधार दिला. काही वेळ खोलीबाहेर गेलेली आई परतताच काही मुले तिला बिलगून शांत होत व पुन्हा खेळू लागत. काही बिलगूनही रागाने रडत राहत. काही तिच्याकडे पाठ फिरवीत. हे अनुक्रमे सुरक्षित, द्विधा व टाळणारे अनुबंध होत.

१९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी हेच वर्गीकरण प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावले. कोणी जोडीदारावर निर्धास्त विसंबतो, कोणाला तो सोडून जाईल ही सतत धास्ती असते, तर कोणी जवळीक वाढताच दूर सरतो.

घर सोडून वसतिगृहात आलेले मूल रडत नाही, म्हणून ते रुळले असे आपण समजू नये. पालकांनी कबूल केलेल्या दिवशी भेटीस यावे, निरोप घेऊनच निघावे. आम्ही शिक्षकांनी रात्री विचारपूस करावी. बालपणीचा साचा मात्र विधिलिखित नव्हे. विश्वासू जोडीदार, मित्र वा शिक्षक यांच्या सहवासात तो पालटू शकतो. आज स्वतः आईबाप झालेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.